बीजाचं पाणी

बुढापारा, रायपूर
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

चि. पियुषले शर्मिष्ठाताईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं पहिल्या ओळीत लिहायची आपल्या घरची पद्धत. आज माझ्याच्यानं ते होत नाही. तू बरा असशील, नागपूरले तुझ्या दोस्ताच्या, हरिदासच्या खोलीवर दोन वेळ जेवत असशील, एवढं धरून चालते.

पत्र समोरच्या घरची रीना घेऊन येऊन राहिली. तिची उद्या नागपूरले परीक्षा आहे, आज संध्याकाळच्या गाडीनं निघते. सकाळी पहिले तुझ्याकडे येईल. तिनं पत्र हातात दिलं की आधी कपडे पिशवीत भर, मग वाच. ती खोली तुले सोडायची आहे, आणि लगेच सोडायची आहे. तुझ्या त्या वेपवाल्या इंद्रजीतले तुझा पत्ता समजला. तो सकाळी इकडून गाडीनं निघणार, म्हणजे दुपारपर्यंत तुझ्या दारात. त्यायनं काय करून ठेवलं ते पुढे लिहिलं आहे, म्हणजे तुले पळायले जोर येईल.

फोन काहून नाही केला म्हणशील. तुझा नंबर तूच बंद केला. इंस्टावरचं दुकानही बंद केलं. हरिदासचा नंबर माझ्या फोनात होता, आणि माझा फोन आज दुपारी त्यायनं हातोडीनं फोडला. ठाण्यात जायचं तर आधी आपलाच माल टेबलावर मांडावा लागते. ज्या वेपवर सरकारची बंदी, त्याच्या डब्या आपण बनवून राहिलो होतो. ‘ताई, आपण फक्त लाकडाचा डबा देतो, आत बॅटरी घालून कोणी वाफ ओढो का धूप जाळो, आपल्याले काय,’ हे तुझंच. आता हेच ठाणेदाराले सांगायले मी जाऊ का?

बाबा दवाखान्यात आहेत. मी बाहेरच्या बाकावर बसून लिहून राहिली. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, उजवा खांदा वर उचलत नाही.

तू समोर असतास तर आधी तुझं थोबाड फोडलं असतं. हे रागात नाही लिहून राहिली. लाकूड कातायच्या आपल्या खरादीपाशी उभी करून मले कोणी विचारलं असतं की पहिले कोणाले मारते, इंद्रजीतले का पियुषले, तर मी तुझंच नाव घेतलं असतं.

तरी हे काम मले आवडलं होतं, तेही लिहूनच टाकते. इतकी वर्षं मी खरादीवर काय काढलं? बेलनं, पाटांचे पाय आणि शुगरवाल्यांसाठी बीजाचे, म्हणजे बिबळ्याच्या लाकडाचे, गिलास. मग तू ते चौकोनी तुकडे घेऊन आला. आफ्रिकेचं नारिंगी, अमेरिकेकडचं जांभळं. ते जांभळं कापलं तेव्हा मी बोलणंच विसरली, लाकडाच्या आत असा रंग असते हे मले कधी माहीत नव्हतं. तू म्हटलं, ताई, तू निवड. आपल्याकडचं काय काय रंगीत आहे ते काढ. मी हळदूचा पिवळा काढला, तेंदूचा काळा गाभा काढला, चिंचेचं पोट फोडून तिच्यातला तपकिरी-जांभळा काढला. ओलं फडकं फिरवून पाहायची, कोणता रंग कोणाजवळ बसते, कोणता शेजाऱ्याले खाऊन टाकते. पिवळ्याजवळ काळा, काळ्यावर एक बारीक जांभळी पट्टी. हातात धरली की अंगठा आपोआप बटणावर जाईल अशी गोलाई. मले या घरात आजवर कोणी रंग विचारला नव्हता, साडीचासुद्धा नाही.

आणि मग तुले लाल पाहिजे झाला. इंद्रजीतची फर्माइश, म्हटलं तू. आफ्रिकेचं लाकूड संपलं होतं. मी बाबांच्या लाकडाच्या चट्ट्यातला जुना बीजा काढला, त्याच्यावर काताच्या पाण्याचे हात मारले, तेल पाजलं. असा लाल उतरला की बाबाही दोनदा पाहून गेले. मी म्हटलं, बीजाले असा लाल कोणी आणला नसेल. तू म्हटलं, हव ताई, कोणीच नाही.

तू तो रक्तचंदन म्हणून विकला.

मले आज कळलं. दुपारी इंद्रजीत आला, सोबत धर्मपाल नावाचा एक जाडा माणूस आणि गाडीवर एक ड्रायव्हर. इंद्रजीत तुले माहीत आहे, शंकर नगरात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आणि पडद्यामागे वेपचं. मी त्याले पहिल्यांदाच पाहिलं. भल्लं गोड बोलते. बाबांच्या पाया पडला. म्हणे, यशवंतराव जी, पियुष भैया बोल रहे थे आपके पास रक्तचंदन के पुराने लट्ठे पड़े हैं, कहाँ हैं? त्यानं सिलतऱ्याच्या कोण्या ठेकेदाराले त्या ओंडक्यांचा वायदा करून ठेवला होता. तू फक्त डब्याच नाही विकल्या, तू बाबांच्या नावानं नसलेली झाडंही विकली.

मी म्हटलं, भैया, आमच्याकडे रक्तचंदनाची काडी नाही. तो हसला. धर्मपालनं दार लावलं आणि माझ्या कानाखाली ठेवली. मी हळदूच्या फळ्यांवर जाऊन पडली. बाबा मधे आले तर त्यायले मानेले धरून शिकंजापाशी नेलं, लाकूड आवळून धरायच्या आपल्या मोठ्या शिकंजापाशी, आणि त्यांचा उजवा हात त्याच्यात घातला. इंद्रजीतनं दांडा फिरवला. हात अडकेल एवढाच.

मी म्हटलं, मी दाखवते. दोन मिनिटं द्या. घरात उरलेला एक लाल डबा कुऱ्हाडीनं फोडला, रंग न लागलेला आतला भाग रंधून भुसा काढला आणि पाण्याच्या गिलासात टाकला. म्हटलं, रक्तचंदन असेल तर पाणी असंच राहील. बीजा असेल तर आधी चहासारखं होईल आणि उजेडात धरलं की कडेले निळं दिसेल.

पण पाण्याले रंग यायले वेळ लागते, पियुष. आपण गिलास विकताना गिऱ्हाइकाले सांगतो ना, रातभर ठेवा. मी भुसा बारीक केला होता तरी ते पाणी तसंच्या तसं. इंद्रजीत स्टूल ओढून बसला, एक नजर गिलासाकडे, एक हात दांड्यावर. म्हणे, नहीं आया. आणि थोडा फिरवला. बाबांनी ओठ गच्च मिटले. मी बोट घालून पाणी ढवळून राहिली होती आणि तोंडानं काहीबाही बडबडून राहिली होती. त्यानं आणखी थोडा फिरवला. मग पिवळं आलं. मग लालसर. मी गिलास खिडकीत धरला आणि कडेले निळं उमटलं, आपण लहानपणी पाहायचो तसं. तेव्हा मले इतका आनंद झाला की मी हसली.

इंद्रजीतनं ओळखलं. त्याची आई रोज सकाळी तेच पाणी पिते म्हणे. तो गिलासाकडे पाहत राहिला आणि त्याचं तोंड उतरलं. ठेकेदाराले आता काय सांगायचं हे त्याच्या डोक्यात आलं असेल. मले वाटलं होतं खरं कळलं की सोडतील. मी किती बयताड. लाकूड खोटं निघालं म्हणजे तू खोटा निघाला, आणि तू तर तिथे नव्हता. त्यानं दांडा दोन्ही हातांनी धरला आणि पुरा फिरवला.

आवाज कसा आला ते मी तुले लिहिणार नाही. बाबांची दोन बोटं चिरडली, अंगठ्याशेजारची. लाकडावर फिरवून रेघा कुठून कुठे जातात ते सांगायचे, तीच.

मग विचारलं, पियुष कहाँ है. मी म्हटलं माहीत नाही. धर्मपालनं केस धरून माझं तोंड फळीवर आपटलं. परत विचारलं. मी म्हटलं माहीत नाही. ओठ फाटला, खालचा एक दात हलून राहिला. खांदा मागे पिरगाळला तेव्हा माझ्या डाव्या हाताले पटाशी लागली. मी मागे न पाहता मारली. ती धर्मपालच्या मांडीत मुठीपर्यंत गेली. मी ओढून काढली आणि परत मारली. बकऱ्यासारखा ओरडला तो. रक्त हळदूवर सांडलं, साऱ्या पिवळ्या फळ्या खराब झाल्या. मले तेव्हा भीती नाही वाटली, बरं वाटलं. इंद्रजीत पुढे आला असता तर त्याच्या गळ्यातच घातली असती.

तो पुढे नाही आला. धर्मपालले पाहून घाबरला. म्हणे, चल, पहले टाँका लगवाते हैं, पियुष को बाद में ढूँढ लेंगे. धर्मपाल लंगडत, इंद्रजीत त्याले धरून, दोघं दाराबाहेर गेले.

हे वाचून तुले वाटेल की पत्ता त्यायनं बाबांकडून काढला. नाही. बाबांनी सांगतला नाही.

लिहायले नको वाटते. पण तू पिशवी भरली असशील तर वाच.

मी शिकंजा सैल केला. बाबांचा हात बाहेर काढला, पदर फाडून बांधला. माझ्या तोंडातून रक्त त्यांच्या शर्टावर पडून राहिलं होतं. त्यायनं डोळे उघडले आणि पहिला शब्द काय बोलले ठाऊक आहे? ‘पियुषले सांगू नको. घाबरेल पोट्टा.’ मग म्हणे, ‘त्यायनं त्याले काही केलं तर नसेल ना?’

माझ्याकडे पाहिलं नाही. मी समोर होती, दात लोंबून राहिला होता, आणि ते माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहून राहिले होते, जसा तू आता येशील. आई गेल्यापासून खराद मी चालवते. लग्नाचं वय त्या भुशात गेलं. तू कधी एक बेलन नाही काढलं. त्यांचा हात तुझ्यापायी मोडला, आणि तरी पोट्टा घाबरेल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यायले भिंतीले टेकवलं आणि बाहेर गेली. गाडी अजून गल्लीतच होती, समोर कोणाची स्कूटर आडवी लागली होती. मी काचेवर थाप मारली. इंद्रजीतनं काच खाली केली. मी त्याले हरिदासचं नाव सांगतलं, मोहल्ला सांगतला, कोणत्या दुकानाच्या वरची खोली तेही सांगतलं. कोणी माझा हात धरला नव्हता. कोणी विचारलंही नव्हतं. ते चालले होते, पियुष. ते निघून चालले होते.

तो म्हणे, थँक यू दीदी. ड्रायव्हरले म्हणे, कल सुबह निकलते हैं. काच वर केली.

दवाखान्यात आम्ही मशीनमधे हात गेला म्हणून सांगतलं. बोटांवर ऑपरेशन आहे, राहतात का जातात डॉक्टर सांगत नाही. रीना भेटायले आली तर बाबांनी तिले जवळ बोलावलं आणि कानात सांगतलं. तिनं बाहेर येऊन माझ्या गळ्यात हात टाकले आणि रडली. म्हणे, दीदी, बाबा कहते हैं, माझ्या पोरीनं मार खाल्ला पण भावाचा पत्ता दिला नाही. म्हणे, बाबा नर्सलेही दाखवून राहिले होते, ती पाहा, माझी शर्मिष्ठा.

मग मी तिच्याकडून हे कागद मागून घेतले.

तुले माफ नाही केलं. माफी मागूनही नाही राहिली, तू काय देशील मले माफी. पण तुझी हाडं त्या शिकंजात यावी असं मी आता म्हणू शकत नाही. गल्लीत म्हटलं होतं, तेव्हा मनापासून म्हटलं होतं. आता नाही. हरिदासलेही सोबत ने, त्या बिचाऱ्याचा यात काही गुन्हा नाही. कुठे चालला ते मले कळवू नको. मले माहीतच नसलं पाहिजे.

रीना आता निघून राहिली, हात पुढे करून उभी आहे. आत बाबा मले हाक मारून राहिले. तुले नाही, मले. तू निसटला तर एक दिवस मी त्यायले खरं सांगीन, मग ते मले बोलो का न बोलो. आणि गाडी लेट झाली, रीना चुकली, हे पत्र तुझ्या हाती नाही पडलं, तर ते मरेपर्यंत आल्यागेल्याले सांगत राहतील की माझ्या पोरीनं तोंड उघडलं नाही, आणि मले बाजूले बसून ऐकावं लागेल.

पळ.

तुझा पत्ता सांगणारी,
शर्मिष्ठाताई