हॅनोव्हरच्या बैठकीत मी दिलेली अकरा वचने

हॅनोव्हर,
गुरुवार, ७ मार्च १९६३

तीर्थरूप यशवंतराव दाजी यांना,

श्रीरंगचा हॅनोव्हरहून, कपाळ टेबलाला टेकेपर्यंत वाकून नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? साताऱ्यात आता उन्हं तापू लागली असतील, तेव्हा शाळेत जाताना टोपी घालत जा, हे मी ताईच्या वतीने लिहीत आहे. माझ्याबद्दल म्हणाल तर मी अगदी खुशाल आहे, म्हणजे परवा मंगळवारी सकाळी दहा वाजेपर्यंत होतो. त्यानंतर जे झाले त्याने मला असा धक्का बसला आहे की काल मी चहात मीठ घातले आणि पिऊनही टाकला. तुमच्याखेरीज हे सांगावे असा माणूस मला नाही. (आईला सांगू नका. तिला मी लिहिले आहे की इथे सगळे माझ्यावर खूश आहेत. लिहिले तेव्हा ते खरे होते.)

आमची ब्रेटश्नायडर कंपनी विमान बनवत नाही, विमानातली खुर्ची बनवते. लढाऊ विमान कोसळू लागले की वैमानिकाने एक मूठ ओढायची, की खुर्ची त्याच्यासकट वर उडते आणि मग छत्री उघडते. या खुर्चीच्या डाव्या रुळाची गणिते मी दोन वर्षे करतो आहे. (उजव्या रुळाला दुसरा माणूस आहे. आमची अजून ओळख झालेली नाही.) संध्याकाळी माझा प्रबंध चालतो, त्याची तीन प्रकरणे बाकी आहेत. आमचे मालक हेर डिरेक्टर (म्हणजे श्रीयुत संचालक) ब्रेटश्नायडर यांना गेली काही वर्षे एकच ध्यास आहे, तो म्हणजे अमेरिकेत शिरायचे. जर्मन हवाई दलाला खुर्च्या लागून लागून किती लागणार? अमेरिकेत मात्र म्हणे विमाने चिमण्यांसारखी आहेत. त्यासाठी त्यांनी खुर्चीचे सगळे नकाशे मिलिमीटरमधून इंचांत काढून घेतले. त्या कागदांची पेटी खुर्चीपेक्षा जड झाली आणि ती उचलताना दोन माणसे आजारी रजेवर गेली. पण ओहायोतल्या एका विमान कंपनीचे उत्तर आले. त्यांचे मिस्टर हॅगर्टी, एक मदतनीस आणि एक टंकलेखक बाई तीन दिवसांच्या बोलणीसाठी फेब्रुवारीत हॅनोव्हरला आली.

नेमकी त्याच आठवड्यात आमची दुभाषी फ्रॉइलाइन (म्हणजे कुमारी) हार्त्सच्या डोंगरात बर्फावरून घसरायला गेली (इथे हे लोक मुद्दाम जाऊन घसरतात) आणि पाय मोडून घेऊन आली. इंग्रजी कुणाला येते, असे डिरेक्टरांनी विचारले तेव्हा चाळीस माणसांनी माझ्याकडे पाहिले. जमेल का, म्हणाले. मी म्हटले, जमेल की. दाजी, माणसाच्या आयुष्यात दोन शब्दांनी काय होऊ शकते पाहा.

आता यात तुमचा काय संबंध ते सांगतो, रागावू नका. आपल्या चुलतबहीण सुलेखाच्या लग्नाच्या बैठकीत मी तुमच्या शेजारी पानसुपारीचे तबक धरून बसलो होतो. मुलाचे काका बाहेर म्हणाले, "मुलगी फार बोलते." तुम्ही आत येऊन सांगितलेत, "मुलगी हुशार आहे म्हणताहेत." आत तिचे वडील, आपले अण्णा म्हणाले, "मुलगा अगदीच मठ्ठ दिसतो." तुम्ही बाहेर जाऊन सांगितलेत, "मुलाचा शांतपणा आमच्या मंडळींना फार आवडला." मानपानाच्या यादीवर तर तुम्ही दोन्हीकडे नुसते "होईल, होईल" म्हणत होतात. लग्न झाले, तीन मुले झाली, त्यातला एकही माणूस आजवर तक्रार घेऊन तुमच्याकडे आलेला नाही. मध्यस्थाने निरोप पोचवायचा नसतो, माणसे जुळवायची असतात, हे मी त्या दिवशी शिकलो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एवढे पक्के काही शिकलो नसेन.

तर बैठक सुरू झाली. टेबलाच्या या बाजूला डिरेक्टर आणि आमचे मुख्य अभियंता हेर लाम्ब्रेश्ट. लाम्ब्रेश्ट हा देवमाणूस आहे, पण प्रश्न पूर्ण व्हायच्या आत "नाइन" म्हणतो. इथे "नाही" म्हणण्यात अपमान नसतो, तिथून बोलायला सुरुवात होते. पण हे त्या बिचाऱ्या हॅगर्टींना कोण सांगणार? ते सात समुद्र ओलांडून आलेले पाहुणे, तोंडभर हसणारे. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी लाम्ब्रेश्टना "मला बॉब म्हणा" असे सुचवले. लाम्ब्रेश्ट आणि डिरेक्टर बावीस वर्षे एकत्र काम करतात आणि अजून एकमेकांना हेर अमुक आणि हेर तमुक म्हणतात. ते वाक्य मी टेबलाखाली टाकून दिले.

मग हॅगर्टी म्हणाले, "आमचे वैमानिक आडव्या अंगाचे आहेत, खुर्ची दोन इंच रुंद हवी." लाम्ब्रेश्ट म्हणाले, "अशक्य. खुर्ची बरोबर आहे, वैमानिक बारीक करा." आता हे मी कोणत्या तोंडाने सांगू? मी इंग्रजीत सांगितले, "मुख्य अभियंता या सूचनेत स्वतः लक्ष घालतील." हॅगर्टींनी वजन सहा किलोंनी उतरवायला सांगितले. लाम्ब्रेश्ट म्हणाले, "मग तळच काढून टाकतो, बसा हवेवर." मी सांगितले, "वजनाबद्दल त्यांच्या मनात एक धाडसी कल्पना आहे." मूठ डावीकडून मध्ये आणणे, पट्ट्यांचे बक्कल बदलणे, रंग करड्याचा हिरवा करणे, असे एकेक येत गेले. रंगावर लाम्ब्रेश्ट सगळ्यांत जास्त चिडले. त्या वेळी ते जे बोलले ते मला जर्मनमध्येही नीट समजले नाही, म्हणून मी नुसते "होईल" म्हटले.

शेवटच्या दिवशी हॅगर्टींनी विचारले, "हे सगळे करून पहिली खुर्ची जूनमध्ये मिळेल?" लाम्ब्रेश्ट उठून उभे राहिले. "चौदा महिने लागतील. जूनमध्ये त्यांनी यावे आणि माझा राजीनामा घेऊन जावा!" दोन्हीकडचे लोक माझ्याकडे बघताहेत, कॉफी निवते आहे, तीन दिवसांची बैठक मोडण्याच्या बेतात आहे. दाजी, तुम्ही काय केले असते? मी तेच केले. म्हटले, "जूनमध्ये आपण जरूर यावे, असा हेर लाम्ब्रेश्ट यांचा आग्रह आहे."

हॅगर्टींनी टेबल ओलांडून लाम्ब्रेश्टना मिठीच मारली. लाम्ब्रेश्ट खांबासारखे ताठ. त्यांना वाटले, राजीनामा म्हटल्यावर माणूस कळवळला.

मग सह्या झाल्या, बाटल्या उघडल्या. (मी सफरचंदाचा रस घेतला, ताईला सांगा.) लाम्ब्रेश्टनी मला बाजूला घेऊन हात हातात धरला. म्हणाले, "हेर दातार, या लोकांबद्दल माझा समज चुकीचा होता. मी त्यांना अकरा गोष्टी नाकारल्या आणि त्यांनी अकराही हसत मान्य केल्या." पाच मिनिटांनी हॅगर्टी आले आणि म्हणाले, वीस वर्षांच्या धंद्यात इतके समजूतदार जर्मन त्यांनी पाहिले नव्हते. दोघांच्या मध्ये उभा राहून मला, काय सांगू, तुमचा शिष्य शोभतो असे वाटले.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. आपल्या बैठकीत कोपऱ्यात टंकलेखक बाई बसलेली नसते. माझ्या तोंडून निघालेले प्रत्येक "होईल" त्या बाईने इंग्रजीत टाइप केले, अकरा कलमे पाडली, आणि त्याच कागदावर डिरेक्टरांनी जाड टाकाने सही केली. कागदाचे जर्मन भाषांतर न्यायालयाच्या शपथेवर काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थाकडे दिले होते. त्याने एकही शब्द मऊ न करता ते पूर्ण केले आणि ते परवा मंगळवारी दहा वाजता डिरेक्टरांच्या टेबलावर आले.

मला आत बोलावले. डिरेक्टर वाचत होते. लाम्ब्रेश्ट खिडकीशी बसले होते. त्यांच्या हातात अर्धे खाल्लेले सफरचंद होते आणि ते त्यांनी अर्धा तास तसेच धरून ठेवले.

"कलम एक," डिरेक्टर म्हणाले. "लाम्ब्रेश्ट स्वतः लक्ष घालून खुर्ची रुंद करतील. हेर दातार, लाम्ब्रेश्ट असे बोलले होते?"

"अगदी या शब्दांत नाही."

"मग कोणत्या शब्दांत?"

मी सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले. अशी अकराही कलमे झाली, आणि प्रत्येक वेळी ते "गेनाऊ" (अगदी बरोबर) म्हणून पुढच्याकडे वळत. आरडाओरडा नाही, हातवारे नाहीत. दाजी, आपल्याकडे माणूस ओरडतो, मग पाणी पितो आणि विषय संपतो. इथे ते कागदाला टाचणी लावतात.

"पण का?" शेवटी त्यांनी विचारले.

"ते पाहुणे होते," मी म्हटले. "पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. बैठकीत हो म्हणायचे आणि मग घरी बसून बघायचे."

"काय बघायचे?"

दाजी, याचे उत्तर तुमच्याजवळ आहे का? इतकी वर्षे आपण "बघू" म्हणतो, पण काय बघतो हे मला कुणी विचारलेच नव्हते.

लाम्ब्रेश्ट तेवढ्यात प्रथमच बोलले. हळू आवाजात म्हणाले, "त्या माणसाने मला मिठी मारली, तेव्हाच मला कळायला हवे होते."

आता स्थिती अशी आहे. जूनमध्ये खुर्ची दिली नाही तर अमेरिका गेली, आणि डिरेक्टरांची सगळी शिल्लक त्या इंचांच्या नकाशांत गेलेली आहे. माझ्या पासपोर्टवरचा राहण्याचा शिक्का ३१ मार्चला संपतो. नोकरीचा करार दाखवला तरच परकीयांच्या पोलीस कचेरीतली बाई पुढचा शिक्का मारते, आणि माझा करार सध्या डिरेक्टरांच्या खणात आहे. बाहेर पडताना ते एवढेच म्हणाले, "आल्झो (तर मग), शुक्रवारी वकील ठरवतील." म्हणजे आणखी महिना-दीड महिन्याने मी प्रबंधाची तीन प्रकरणे बाकी ठेवून, वूलनचा कोट हातावर टाकून मुंबईच्या बॅलार्ड पिअरला उतरायची शक्यता आहे. तुमच्याकडे काही मागावे म्हणून हे लिहिलेले नाही. मन मोकळे केले, बस्स. मुलांना आशीर्वाद, ताईला नमस्कार, आणि गुडघ्याला महानारायण तेल चालू ठेवा.

आपला, अकरा वेळा हो म्हटलेला,
श्रीरंग

ता. क. (शुक्रवार) : पत्र टाकायचे राहिले ते बरे झाले, कारण एक छोटीशी मागणी आहे. आज वकिलांची भेट झाली. ते म्हणतात, दुभाष्याने बैठकीत दिलेला होकार हा त्याच्या देशाच्या रीतीप्रमाणे पक्का होकार नव्हे, असे सिद्ध झाले तर करार मोडता येईल आणि मलाही काढायचे कारण उरणार नाही. मी म्हटले, आमची रीत अशीच आहे. ते म्हणाले, मग दाखला आणा. इथे रीतीलाही दाखला लागतो. तरी आपण मुख्याध्यापक या नात्याने शाळेच्या कागदावर इंग्रजीत लिहून द्यावे की, "आमच्या भागात बैठकीतले 'होईल' हे वचन धरत नाहीत." खाली सही आणि शिक्का. शिक्का गोलच हवा, चौकोनी शिक्क्याला इथे कुणी विचारत नाही. ३१ तारखेच्या आत पोचेल असे विमानाने पाठवा. माझे सगळे यावर आहे.

ता. क. दुसरा (सोमवार) : वरचा मजकूर वाचला असेल तर विसरा. लाम्ब्रेश्ट शनिवार-रविवार कारखान्यात बसून होते. खुर्ची दोन इंच रुंद करणे अशक्य आहे, हे वकिलांसाठी आकडेमोडीने सिद्ध करायचे होते. आज सकाळी आकडेमोड संपली आणि ते शक्य आहे असे निघाले. वजनही चार किलोंनी उतरते. त्यांना इतका धक्का बसला आहे की ते बिनटोपीचे घरी गेले. त्यातच ओहायोहून तार आली. आमच्या सहकार्याने ते भारावले आहेत, मागणी दुप्पट केली आहे आणि विचारतात की तुमच्याकडचे शब्द असेच पक्के असतात ना. डिरेक्टरांनी तार तीनदा वाचली आणि मला बसायला खुर्ची दिली (साधी). तरी दाखल्यात कृपया असे लिहावे की, "आमच्या भागात बैठकीत एकदा 'होईल' म्हटले की प्राण गेला तरी शब्द फिरत नाही." शिक्का गोल.

ता. क. तिसरा (सोमवारच, पोस्टाच्या रांगेतून) : रंग आणि उरलेल्या दोन किलोंचे अजून जमलेले नाही, आणि वकिलांचा करार मोडायचा कागद जूनपर्यंत कपाटात तयार राहणार आहे, असे आत्ता कळले. तेव्हा दाजी, दोन्ही दाखले पाठवा, तारखा मोकळ्या सोडा. मात्र पाकिटे वेगवेगळी करा. इथले लोक एका पाकिटातले सगळे कागद एकाच फाइलला लावतात.