हात सोडला की वाजणारी गाडी

माय, आपण घनसावंगीला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचो, तेव्हाचं हे आहे. मी जनावरांच्या दवाखान्यात नुकता लागलो होतो. तेवीस वर्षांचा होतो आणि अंगावरच्या पॅन्टची इस्त्री मोडू नये म्हणून खुर्चीवरसुद्धा जपून बसायचो. गावोगाव फिरायला एक जुनी मोटारसायकल मिळाली. आपल्या सगळ्या नात्यागोत्यात मोटारसायकलवर बसणारा मी पहिला. तू पहिल्या दिवशी तिच्याभोवती एक फेरी मारलीस, टाकीला हात लावलास आणि म्हणालीस, "आवाज चांगला न्हाई हिचा." मला राग आला होता. गाडीला हळदकुंकू लावायचं जाऊ दे, बौद्ध झालो तेव्हाच आपण ते सोडलं होतं, पण गोड शब्द तरी बोलायचा.

आवाज खरंच चांगला नव्हता. रस्त्यानं पळताना गाडी सरळ चालायची. गाव आलं, मी वेग कमी केला, की सायलेन्सरमधून बंदुकीसारखा बार निघायचा. एक, कधी दोन. लोक हसायचे. पोरं ओरडायची, "बार डागदर आला." मीही हसायचो. मी औषध द्यायला जायचो ती जनावरं मात्र गाडीच्या आवाजानं दावं ओढायची, आणि त्याकडे मी लक्ष दिलं नाही.

मग शहागडच्या अलीकडचं ते नदीकाठचं गाव. उन्हाळा सरत आलेला. एक शेतकरी बैलजोडी सोडून पाण्याकडे नेत होता. पन्नाशीचा, गावातल्या मोठ्या जमीनदारांपैकी. मी त्याला पाहून वेग कमी केला आणि गाडीनं बार केला. डावीकडचा बैल उधळला. कासरा शेतकऱ्याच्या मनगटाला गुंडाळलेला होता. तो पाच-सात हात फरफटत गेला आणि हात मोडला. मी धावलो तर त्याच्या भावानं मला आडवं होऊन अडवलं. "तू लांब राह्य. आधी ती गाडी घेऊन जाय."

घरी आलो तेव्हा तू भाकरी थापत होतीस. मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "बैलच बुजरा होता." तू तवा खाली उतरवलास. वळून माझ्याकडे पाहिलंस. "बैल बुजरा हाय हे तुला कळत न्हाई तर डागदर कशाला झाला?" मग आवाज न चढवता, "दुसऱ्याची चूक लोक इसरत्यात. आपल्या समाजाच्या मानसाची इसरत न्हाईत. सकाळी जाय, चूक माझी हाय म्हण, आन मंग गाडी बराबर कर."

मी गेलो. तो खाटेवर बसला होता, हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला. मी चूक कबूल केली तेव्हा त्यानं पाणी मागवलं आणि मलाही दिलं. वरून ओंजळीत ओतलं नाही, सगळ्यांच्याच तांब्यातून दिलं, हे मी तुला मुद्दाम सांगितलं होतं. म्हणाला, "लस टोचायला ये तू. जनावरं मरू द्यायची न्हाईत. पण ती गाडी गावात न्हाई आणायची." गावाचा तोच ठराव होता, आणि एका गावाचं ऐकून शेजारच्या दोन गावांनीही तेच ठरवलं.

आता चालत जायला हरकत काय, असं कुणी म्हणेल. पण घटसर्पाची लस बर्फात राहते. अंबडहून थर्मासमध्ये बर्फ आणायचा, त्यात कुप्या ठेवायच्या आणि उन्हं चढायच्या आत टोचून मोकळं व्हायचं. गाडी वेशीबाहेर लांब उभी करून मी दोन दिवस पायी फिरलो. दुसऱ्या दिवशी थर्मास उघडला तर आत नुसतं कोमट पाणी. सगळी लस ओतून द्यावी लागली. रोहिणी नक्षत्र निघायला थोडेच दिवस उरले होते, आणि पावसाबरोबर घटसर्प येतो, हे तिथल्या प्रत्येक गोठ्याला माहीत होतं.

गाडी जालन्याला नेली. मिस्तरीनं कार्बोरेटर उघडला, साफ केला, प्लग बदलला, मोठ्या रस्त्यावर पळवून दाखवली. "एकदम बराबर झाली," म्हणाला. परतताना पहिल्याच गावात बार झाला. मी घरी येऊन गाडी अंगणात लावली आणि बदलीचा अर्ज लिहायला बसलो.

तो रविवार अजून जसाच्या तसा दिसतो. तू अंगणात येतेस, पदर खोचतेस, म्हणतेस, "चालू कर." मी किक मारतो. "वाढव." वाढवतो. "सोड." बार. परत. पुन्हा परत. तू डोळे मिटून उभी. शेजारणी दारात आलेल्या. मग तू म्हणतेस, "ही पळताना वरडत न्हाई. तू हात सोडतो तव्हाच वरडती. हात सोडल्यावर पेट्रोल कुठून जातं हिला?"

कार्बोरेटरमध्ये दोन जेट असतात, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तोट्या, मोठं पळण्यासाठी आणि बारीक हळू चालण्यासाठी, एवढं मला मिस्तरीपाशी उभं राहून कळलं होतं. मी म्हणालो, "बारक्या जेटमधून."

"मंग मिस्तरीनं कोणतं साफ केलं?"

मला आठवलं. त्यानं मोठंच काढलं होतं.

तू मला जुनं धोतर अंथरायला लावलंस. मी बारीक जेट काढून तुझ्या तळहातावर ठेवलं. तू ते उन्हाकडे धरलंस. भोक दिसतच नव्हतं. मी स्टोची पिन आणायला उठलो तर तू हात धरलास. "पितळ हाय. पिन घातली की भोक मोठं व्हतं, मंग उमरभर बिघडलं. एक इस्टो आसाच घालवला म्या." ते जेट तू रॉकेलमध्ये बुडवून ठेवलंस, केरसुणीची सर्वांत बारीक काडी काढून त्यातून हळूच फिरवलीस आणि मला सायकलच्या पंपानं हवा मारायला सांगितलंस. पुन्हा उन्हाकडे धरलं तर सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला.

बार कमी झाला, पण गेला नाही. मी म्हणालो, राहू दे आता. तू चुलीतली राख कागदावर घेऊन आलीस. गाडी चालू ठेवून तो कागद सायलेन्सर इंजिनला जिथं जोडला होता तिथं धरलास. राख उडाली. "हितं फट हाय. कापसाच्या जिनातल्या इंजनाला बी आसंच झाल्तं. बाहेरची हवा आत शिरती, आन न जळालेलं पेट्रोल तिथं भडकतं." पिठाच्या गिरणीवाल्याकडून तू अस्बेस्टॉसच्या दोरीचा तुकडा मागून आणलास. सांध्यातली जुनी कडी तुटलेलीच निघाली. तिच्या जागी दोरी बसवून मी नट आवळले. मग हवेचा स्क्रू. मी फिरवत होतो आणि तू ऐकत होतीस. "आनिक. आनिक थोडा. आता दम तोडती, मागं घे. इथं. इथंच राहू दे." इंजिन एका लयीत चालू लागलं. मी दहा वेळा वेग वाढवून सोडला. काही नाही. तू हात धुतलेस आणि भाजीला फोडणी द्यायला आत गेलीस.

दुसऱ्या दिवशी थर्मास घेऊन मी त्याच गावी गेलो. वेशीजवळ तो शेतकरी हात गळ्यात बांधून उभा होता, जवळच त्याचे बैल चरत होते. मी मुद्दाम त्याच्यासमोर वेग सोडला. बैलांनी मान वर केली नाही. त्यानं मला हातानं आत यायची खूण केली, आणि पहिली टोचायला त्याचीच जोडी आणली. त्या पावसाळ्यात त्या तिन्ही गावांत घटसर्पानं एकही जनावर गेलं नाही. हे मी आयुष्यभर अभिमानानं सांगत आलो.

त्यानं त्या दिवशी विचारलं होतं, "कोण्या मिस्तरीनं केली?" आणि मी म्हणालो, "मीच केली." महिन्यानं तो बाजारच्या दिवशी आपल्या घरी आला, वांगी आणि भेंडी घेऊन. चहा घेताना तुला म्हणाला, "बाई, पोरगं लई हुशार हाय तुमचं. मशीन सोता उघडतं." मी मान खाली घातली. तू कपबशी उचलत म्हणालीस, "हो, लहानपणापासून नाद हाय त्याला."

तू बाई आहेस म्हणून मी लाजलो आणि खोटं बोललो, असं तुला वाटलं असेल. तसं नव्हतं. बाई माणसानं गाडी दुरुस्त केली हे सांगायला मला काही वाटत नव्हतं. पण ती हे कुठं शिकली, असं त्यानं विचारलं असतं. मग सांगावं लागलं असतं की माझी माय बारा वर्षं जालन्याला कापसाच्या जिनात डोक्यावर गठ्ठे वाहत होती, आणि जेवायच्या सुट्टीत इंजनापाशी बसून त्याचा आवाज ऐकायची. मला तुझं जिन लपवायचं होतं, माय. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी मशीन उघडणाऱ्या माझ्या हाताचं कौतुक केलं, तेव्हाही मी उठून हात जोडले आणि बसलो. आज हे लिहून झालं आहे, मुलगा बाहेरच्या खोलीत आहे, आणि त्याला हाक मारून हे वाचायला द्यावं एवढं बळ माझ्यात अजून आलेलं नाही.