जास्त चमकते तिचं नाव

आर्णी, रविवार, संध्याकाळ

ताई कापूस वेचून आली. बोटांवर बोंडांचे ओरखडे. पाणी पिता पिता म्हणाली, "तुह्या चांदणीचं काय झालं वं?"

मी सांगितलं, की मी अभ्यासते ती चांदणी एक वाटत होती, पण वर्णपटात तिघी निघाल्या. सूर्याहून कितीतरी भारी. तिसरी लांबून फिरते. जवळच्या दोघींतली थोरली आपल्या अंगातला वायू धाकटीला देत गेली, म्हणून आज धाकटीच जास्त चमकते.

"मंग त्यायच्यात पयलं नाव कोनाचं?"

"जास्त चमकते तिचं. तशीच रीत आहे."

"बरं," म्हणून ती चुलीकडे गेली.

काहून सांगितलं मी? मी शिकावं म्हणून दहावीतच शाळा सोडली तिनं. जेवताना तिच्या बोटांकडे बघवेना.

चांदणीवरच्या शोधनिबंधावर पहिलं नाव माझं आहे.