वरचं शिंग

११ मार्च
प्रज्ञाच्या नव्या बास गिटारचं चित्र पाच दिवस फ्रिजवर. दांडीच्या दोन बाजूंना लाकडाची दोन शिंगं; वरचं लांब, खालचं आखूड. सौ.चं मत : "एक नांगी तुटलेला खेकडा." मला ते मथळा एका अंगाला सरकलेलं पेपरचं पान वाटतं. प्र. म्हणाली, "बाबा, ते तसंच असतं."
जुन्या बासचं लाकूड तडकलंय. तिची दांडी आणि तारा नवीला लावायच्या. चित्र लकडगंजच्या शंकररावांना नेऊन दिलं. दारं-पलंग करणारे सुतार. वाद्य पहिल्यांदाच.

१९ मार्च
ऑफिसात. पुरवणी साडेपाचला छपाईला सोडायची. सव्वापाचला शंकररावांचा फोन. "भाऊ, शिंगं लहान-मोठी दिसून राहिली. चित्रात चुकलं काय? सारखी करू?"
नजर मजकुरावर. म्हटलं, करा. सवयीचं उत्तर.

२९ मार्च
बास आली. सागवान, मधाच्या रंगाचं पॉलिश. सौ. खूश : "आता कशी दोन्हीकडून सारखी! पाह्य वं, किती देखणी दिसते." मलाही आवडली, खोटं कशाला लिहू.
प्र.ने पट्टा गळ्यात घातला, हात सोडला. दांडी सरळ जमिनीकडे. पट्टा वरच्या शिंगाच्या टोकाला अडकतो; ते आखूड, म्हणून तोल नाही.
"चौदा एप्रिलच्या जयंतीला तीन तास उभं राहायचंय. एका हातानं दांडी धरू, मग वाजवू कशी?"


३१ मार्च
लकडगंज. प्र. तडकली. "काका, चित्र होतं ना तुमच्याजवळ? काहून बदललं?"
शंकररावांनी माझ्याकडे पाहिलं. मग रंधा पुसत, "माही चूक झाली, पोरी."
मी तिथेच उभा होतो. चहा घेतला, परत आलो.

३ एप्रिल
जयंतीचा कार्यक्रम करणाऱ्या गायनपार्टीच्या ताईंचा फोन : नाही जमलं तर बास कीबोर्डवर वाजवून घेऊ. पार्टीत प्र.चा हा पहिलाच कार्यक्रम. दिवसभर खोलीत. दार लोटलेलं.

५ एप्रिल
जेवताना सांगून टाकलं. शंकररावांनी विचारलं होतं, मीच सारखी करा म्हटलं.
सौ. पोळी हातात घेऊन थांबली. प्र. : "आणि मी काकांना बोलले." ताट सरकवून स्कूटीची किल्ली घेतली. मी न विचारता मागे बसलो.
शंकरराव म्हणाले, "जाऊ दे ना बेटा. तुकडा जोडून देतो. पण सांधा दिसन. चांगलं नाही दिसणार."
"दिसू द्या."

१२ एप्रिल
तुकडा चिकटवून, घट्ट दाबून धरायला शिकंजे लावलेत. त्या रंगाचं सागवान मिळालं नाही; टोक फिकं. सौ. फोटो पाहून म्हणाली, ठिगळ. प्र.ला तेच आवडलंय. माझं मत कोणी विचारलं नाही.
शिकंजे उद्या सकाळी निघतील. तोवर पट्टा लावून बघता येत नाही.
निघताना शंकरराव : "उद्यापर्यंत काही अडलं तरी तुम्हाले फोन करत नाही, भाऊ."
प्र. हसली. त्यांच्याकडे बघून.