मयूर विहारचा आयरिस

१२ मार्च २०२३, रविवार
सोसायटीच्या फ्लॉवर शोमध्ये समोरच्या यतीनच्या जांभळ्या आयरिसला पहिलं बक्षीस. हा नोएडात कोडिंग करतो! कंद विकत आणला, कुंडीत खोचला, फूल आलं. यात कर्तृत्व कुणाचं? कंदाचं! मी संकर करणार. नवी जात, माझ्या हातची. उत्तरा म्हणाली, अहो, आधी पुदिना तरी जगवा. प्रत्येक क्रांतीला पहिला विरोध घरातून होतो.

१४ मार्च, सकाळ
उत्तराचा भुवयांचा चिमटा घेऊन माझ्या पिवळ्या आयरिसमधले पुंकेसर काढले. जांभळ्या फुलाचे पराग मात्र यतीनकडेच मागावे लागले. काका, घ्या ना, बिल्कुल घ्या, म्हणाला. इतकं औदार्य म्हणजे निव्वळ उर्मटपणा.

१ सप्टेंबर
थंडी लागल्याशिवाय आयरिसच्या बिया रुजत नाहीत. ओल्या टिश्यूत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या. उत्तरा त्या मिरी समजून फोडणीला टाकणार होती. डब्यावर चिठ्ठी लावली: भविष्य.

२० डिसेंबर
उगवली! कुंडीभर रोपं! यतीन डोकावला. काका, पाणी कमी घाला, मुळं कुजतात, म्हणाला. डाव ओळखला. पाणी दुप्पट केलं.

९ जानेवारी २०२४
रोपं कुजली. एकच उरलं. यतीनला सांगितलं, कठोर निवड केली. तो अच्छा म्हणाला. मला त्याचा तो अच्छा आवडला नाही.

मार्च २०२५
फूल नाही. यतीनला पुन्हा पहिलं बक्षीस. मीही टाळ्या वाजवल्या. हातात मोबाइल असल्याने आवाज झाला नाही.

१५ मार्च २०२६, रविवार, सकाळ
उमललं! पिवळ्या पाकळ्या, जांभळ्या शिरा. डोळ्यांत पाणी आलं. दिल्लीत प्रदूषण फार आहे. यतीन म्हणाला, काका, कमाल आहे यार! बिचारा जळतोय. शो अकरा वाजता. आज त्याची सत्ता संपली.

संध्याकाळ
परीक्षक यायला वेळ होता, म्हणून सेक्रेटरी म्हणाले, दो शब्द बोलिए. बोललो. पाऊण तासानंतर तर खरा रंग भरला. ऊन मी म्हणत होतं. यतीन मात्र माझ्या कुंडीला चिकटून छत्री धरून उभा. फोटोत यायची केवढी हौस! माइकवरूनच सुनावलं, बाजूला हो, लोकांना माझं फूल दिसू दे. तो छत्री मिटून बाजूला झाला. मी आणखी अर्धा तास बोललो. मग परीक्षक बाई आल्या. वाकून पाहिलं. भाईसाहब, इसमें फूल किधर है? पाकळ्या ओल्या रुमालासारख्या लोंबत होत्या.
पहिलं बक्षीस यतीनला.

१६ मार्च
यतीनने सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या फुलाचा फोटो टाकला. छत्रीखालचा, टवटवीत. खाली स्पष्ट लिहिलंय, काकांचा आयरिस. तरी सगळे अभिनंदन त्याचंच करताहेत. मी तत्काळ खुलासा टाकला. मुद्देसूद, सडेतोड. जरा मोठा झाला. पूर्ण दिसायला ‘पुढे वाचा’ दाबावं लागतं.
दुपारी उत्तराला विचारलं, कसा वाटला?
ती म्हणाली, अहो, दाबते नंतर.