एक बशी, दोन कप

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, दातांच्या कवळ्या बनवून पोट भरलेली, डोके ठिकाणावर असताना आणि कुणीही कानाशी न लागता हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीची दोन रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती. हे शांतपणे लिहिले आहे. राग तोच आहे.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला. मागची खिडकी अडकते, दांडगाई करू नये.

२. कवळ्यांची हत्यारे आणि छोटी भट्टी माझ्या मदतनीस बाईंना. त्यांनी माझी बोलणी फार खाल्ली.

३. इंग्लंडचे जुने चिनी मातीचे कप मुलीने खुशाल विकावेत. गिऱ्हाईक माझी धाकटी बहीण असल्यास भाव चढवावा. माझा जन्म चिनी मातीचे दात घडवण्यात गेला, तरी दुकानात शिरताच चांगला कप तिच्याच नजरेस पडे. पाहुणे चहा माझ्याकडे पीत आणि कौतुक तिच्या कपाटाचे करत. मला तिचा हेवा वाटतो, लहानपणापासून वाटतो, आणि मेल्यावर थांबेल अशी हमी मी देत नाही.

४. मधल्या फळीवरचा चहाचा कप व त्याची बशी विकू नये. कपावर सैल झगे घातलेल्या ग्रीक बायका वाद्ये वाजवत आहेत. त्याच नक्षीचा कॉफीचा उभट कप धाकटीकडे आहे, बशीविना. तिच्या कपावरच्या बायका नाचतात. यातही नशीब तिचेच.

एकदा ती तो कप घेऊन आली आणि माझ्या बशीवर ठेवून म्हणाली, "ताई, बघ कसा बसतो. बशी माझ्या कपाची आहे."

"मग माझा काय हवेत ठेवू?" मी म्हणाले.

एका जबड्याची कवळी दुसऱ्याला बसत नाही, हा माझा धंदा. म्हणून दोन्ही कप नीट बसताना डोळ्यांनी पाहूनही मी एकाला खोटे ठरवले, अर्थात तिच्या कपाला. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे.

गेल्या महिन्यात जुन्या वस्तूंचा दुकानदार हसून म्हणाला, "अहो बाई, त्या काळी दोन कपांना मिळून एकच बशी विकायचे. चहा आणि कॉफी एकदम कोण पितं?"

हे मी धाकटीला सांगितलेले नाही. सांगितले तर ती हसेल, आणि हसताना ती फार छान दिसते.

५. सबब, ती बशी धाकटीला द्यावी, पण माझ्या कपासकट. दोन्ही कप एकाच फळीवर राहतील. बशीवर एका वेळी एकच बसेल. कोणता, ते तिने रोज सकाळी ठरवावे. रविवार माझा.

साक्षीदार: शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई (सही). वरील दुकानदार (सही).

ठिकाण: माझे स्वयंपाकघर.

दिनांक: धाकटीच्या वाढदिवसाचा दुसरा दिवस. काल सही केली असती, तर तिला ती भेट वाटली असती.