अकरा हजार तीनशे एकेचाळीस दिवसांचा विलंब

तीर्थस्वरूप ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबरेमुळे अर्ध्यातच थांबलोय, उरलेला भेटीत). तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून मोजून पायऱ्या चढतेस का? दाजींच्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना लांबचं स्वच्छ दिसतं असं तू म्हणाली होतीस. जवळचंही दिसत असावं, कारण मंगळवारी त्यांनी मोबाइलवर जे काही लिहिलं त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. हे पत्र त्याच मंगळवारबद्दल आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर तू नुसतं "हं" म्हणालीस की मला पुढचं सुचत नाही. पत्रात कुणी "हं" म्हणत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तर मंगळवारी सकाळी अकरा ते एक या वेळात तुला माझ्या नावाने, माझ्या हसऱ्या फोटोसकट जे नऊ मेसेज आले, त्यातला एकही मी पाठवलेला नाही. ते आमच्या नव्या सॉफ्टवेअरने पाठवले. हे सॉफ्टवेअर फोटोग्राफरांचा धंदा सांभाळण्यासाठी खास बनवलेलं आहे. कोण विचारायला आलं, कोणती तारीख ठरली, फोटो काढून झाले का, ग्राहकाने निवडले का, अल्बम दिला का, हे सगळं ते लक्षात ठेवतं आणि आपण होऊन सगळ्यांना कळवत राहतं. तू म्हणशील, आजवर भिंतीवरच्या कॅलेंडरने आणि एका डायरीने तुझं भागलं, मग हे खूळ कशाला? त्याचं असं झालं की गेल्या हंगामात डायरीची दोन पानं एकमेकांना चिकटली आणि मी एकाच सकाळी दोन लग्नांना हो म्हणून बसलो. एकीकडे मी गेलो, दुसरीकडे तुझी भावजय कॅमेरा घेऊन गेली. तिने फोटो माझ्यापेक्षा चांगले काढले (हे तिचं मत, आणि दुर्दैवाने त्या वधूचंही), पण घरी आल्यावर डायरी उचलून तिने माळ्यावर टाकली आणि दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर घेतलं.

पहिला आठवडा नाकी नऊ आले. या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कामाला एक प्रकार निवडावा लागतो, आणि मी घाईत सगळ्यांना "विवाह" निवडला, कारण यादीत तो सगळ्यात वर होता. परिणामी, चौकातले दाताचे डॉक्टर पासपोर्ट फोटोसाठी येऊन गेले, तर त्यांना दुपारी प्रश्नावली गेली: आपण दोघं प्रथम कुठे भेटलात, आपली प्रेमकहाणी थोडक्यात लिहा, पाऊस आल्यास पर्यायी व्यवस्था काय. मी माफी मागायला धावत दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरांनी दोन पानं भरून ठेवली होती. अजून वाढवू का, असं विचारत होते. डॉक्टरांचं लग्न झालेलं नाही, हे तुला माहीत आहे. मी ती पानं वाचली नाहीत (पहिलंच वाचलं) आणि कुणाला सांगणारही नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना मात्र, प्रकार दुरुस्त करण्याच्या नादात, नवजात बाळाच्या फोटोंची सूचनापत्रिका गेली. दहावीच्या चाळीस मुलांना फोटोआधी पोटभर दूध पाजून आणावं, असं त्यात होतं. बाईंनी ती सूचना फलकावर लावली.

शेवटी मी सॉफ्टवेअरच्या मदतकेंद्राला फोन केला. तिकडे एक बाई आहे, ती कधीही चिडत नाही, त्यामुळे आपलंच चुकतंय याची खात्री पटते. ती म्हणाली, "सर, आधी सराव करा. एखादं जुनं, पूर्ण झालेलं काम भरून बघा, ज्याची माहिती तुम्हाला तोंडपाठ असेल." आता मला तोंडपाठ तारीख एकच, तुझ्या लग्नाची. नंबरही तुझाच पाठ. म्हणून मी तुझं लग्न भरलं. सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा करायच्या, एवढं मला कळलं होतं, त्या केल्या. "अल्बम दिला" या चौकोनापाशी हात थांबला आणि तो मी रिकामा ठेवला. सॉफ्टवेअरने एकतीस वर्षांपूर्वीची तारीख पाहिली, रिकामा चौकोन पाहिला, आणि इतक्या वर्षांत ग्राहकाला एका शब्दाने कळवलं नाही म्हणून घाबरून सगळे मेसेज दर पंधरा मिनिटांनी सोडायला सुरुवात केली.

पहिला मेसेज, आपल्या खास दिवसात सहभागी करून घेतल्याबद्दल आभार. त्यावर तू लिहिलंस, "अरे आभार कसले? बरा आहेस ना?" मी ते पाहण्याआधीच तुला उत्तर गेलं की आपला संदेश मिळाला, कामाच्या दोन दिवसांत संपर्क साधू. मग फोटो तीन आठवड्यांत तयार होतील, असा मेसेज. मग विलंबाबद्दल दिलगिरी. मग पुन्हा दिलगिरी, जरा जास्त. आणि एक वाजता, आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी तारे द्या. ताई, तू जेवायला वाढत असशील, फोन दाजींच्या हातात असेल. त्यांनी एक तारा दिला आणि खाली लिहिलं, "लग्न होऊन एकतीस वर्षे झाली. फोटो अद्याप मिळालेले नाहीत. वधू-वर वाट पाहत आहेत." हे आमच्या स्टुडिओच्या पानावर जगजाहीर दिसतं. बुधवारी एक शिक्षिका स्वतःच्या लग्नाची तारीख ठरवायला आली. सगळं बोलणं झालं, आणि निघताना तिने अगदी नम्रपणे विचारलं, "फोटो साधारण कधी मिळतात? म्हणजे, माझ्या हयातीत?" तुझी भावजय हसली. मी हसलो नाही.

मी मदतकेंद्राला पुन्हा फोन केला की हे काम पुसून टाकायचंय. बाई म्हणाली, "सर, मेसेज गेलेलं काम पुसता येत नाही, फक्त रद्द करता येतं." मी रद्दचं बटण दाबायला गेलो, तर आधी पत्राचा नमुना समोर आला: "आपला नियोजित विवाह रद्द झाल्याचे समजले. या कठीण प्रसंगी आम्ही आपल्या सोबत आहोत." हे दाजींच्या हातात पडलं असतं तर त्यांनी फ्रेम करून लावलं असतं. मी मागे फिरलो. मग उरला एकच मार्ग: काम रीतसर बंद करायचं. त्यासाठी विलंबाचं कारण द्यावं लागतं, आणि ते लिहून चालत नाही, तीनांतून निवडावं लागतं. ग्राहकामुळे, लॅबमुळे, छायाचित्रकारामुळे.

मी लॅबमुळे दाबलं. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तुझ्या लग्नाचा रोल लॅबमध्ये खराब झाला, हे आपल्या घरात एकतीस वर्षं सगळ्यांना ठाऊक आहे. तुला आहे, दाजींना आहे, बाबांनाही होतं. बाबा त्या दिवसांत लॅबवाल्या अण्णांच्या दुकानात जाऊन त्यांना काय काय बोलून आले, तेही तुला आठवत असेल. त्यानंतर ते दोघं रस्त्यात समोरासमोर आले तरी एक जण बाजू बदलायचा. पण सॉफ्टवेअरचं तेवढ्याने भागेना. त्याने लॅबचं नाव विचारलं, फोनच्या यादीतून अण्णांचा नंबर आपणच शोधून काढला आणि माझ्यासमोर एक तक्रारपत्र तयार करून ठेवलं: आपल्या निष्काळजीपणामुळे आमच्या ग्राहकाचे कायमचे नुकसान झाले आहे, तरी सात दिवसांत खुलासा करावा. खाली माझं नाव. बाजूला हिरवं बटण, "पाठवा".

अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. लॅब बंद होऊन पंधरा वर्षं झाली. रोज सकाळी फिरायला निघाले की आमच्या काचेसमोर थांबतात, मांडलेले फोटो बघतात आणि दारातून आत सांगतात, "लाल जास्त जातोय रे." (जात असतो.) आजही थांबले होते. ते पत्र तेव्हा माझ्यासमोर स्क्रीनवर उघडं होतं, आणि मी स्क्रीन भिंतीकडे फिरवली. पत्र अजून तसंच आहे, ना पाठवलं, ना पुसलं. वर लाल अक्षरांत आकडा दिसतो: विलंब, ११३४१ दिवस. मंगळवारी तो ११३३८ होता. रोज सकाळी एकाने वाढतो.

एवढंच सांगायचं होतं. मेसेजचं मनावर घेऊ नकोस, आणि जमलं तर दाजींना सांगून तो तारा काढायला लाव. गुडघ्याला जप. दाजींना नमस्कार. कळावे.

तुझा,
धाकटा

ता.क. शिक्षिकेने तारीख पक्की केली. तेव्हा ताऱ्याची तशी घाई नाही.

ता.क. दुसरा. वर मी लिहिलं की एवढंच सांगायचं होतं, म्हणजे सगळं सांगून झालं. झालेलं नाही. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. ताई, रोल लॅबमध्ये खराब झाला नव्हता. तो माझ्या हातून कॅमेऱ्यात नीट बसलाच नव्हता. तुम्ही दोघांनी सह्या केल्यात, आईने तुझा पदर सारखा केला, पायऱ्यांवर सगळे ओळीने उभे राहिलात, मी "हसा" म्हणालो, तुम्ही हसलात, आणि आत फिल्म जागची हलत नव्हती. फिल्म पुढे गेली की कॅमेऱ्यावरची डावीकडची चकती फिरते, ती फिरत नव्हती, आणि मी तिकडे पाहिलंच नाही. कॅमेऱ्यावरचा आकडा मात्र पुढे सरकत होता. छत्तिसांच्या रोलवर अडतीस, एकोणचाळीस झाले, तेव्हा मला वाटलं कंपनीने दोन-तीन जास्त दिलेत. मी खूशही झालो होतो. मग मागचं झाकण उघडलं. तोवर पाहुणे जेवून हात धूत होते. तोच रोल पुन्हा बसवला आणि हॉल रिकामा होईपर्यंत जेवढे मिळाले तेवढे काढले. सात मिळाले. रोल अण्णांकडे धुवायला टाकला, आणि चार दिवसांनी बाबांनी विचारलं, "कसे आलेत?" आणि माझ्या तोंडून लॅब निघून गेली. मी तेवीस वर्षांचा होतो, तुझं लग्न हे माझं पहिलं काम होतं, आणि मला नवा कॅमेरा बाबांनी घेऊन दिला होता. ही कारणं नाहीत, नुसती माहिती आहे. खरं कारण मी आत्ता दाबून आलो, तिसरं: छायाचित्रकारामुळे. अण्णांच्या नावाचं तक्रारपत्र न पाठवताच आपोआप पुसलं गेलं.

ता.क. तिसरा. सोबत ते सात फोटो आहेत. इतकी वर्षं स्टुडिओतल्या लेन्स पुसायच्या कापडाखाली, पत्र्याच्या डब्यात होते. दाखवले असते, तर बाबांनी पहिला प्रश्न विचारला असता की सह्या करतानाचे गेले आणि खुर्च्या उचलतानाचे बरे कसे राहिले. म्हणून दाखवले नाहीत. पहिल्यात तू चप्पल काढून पाय खुर्चीवर घेऊन बसली आहेस. दुसऱ्यात दाजी चष्मा शोधताहेत, तो त्यांच्या कपाळावर आहे. पाचवा सगळ्यात शेवटी बघ. बाबा आहेत. दोन्ही हातांत दोन-दोन खुर्च्या घेऊन हसताहेत, मागे वळून कुणाशी तरी बोलत. बाबा गेले तेव्हा तू मला म्हणाली होतीस की त्या दिवशीचा त्यांचा एक तरी फोटो असता. मी तुझ्यासमोर बसून ऐकत होतो. मग ओळखपत्रावरचा तो कपाळाला आठ्या घातलेला फोटो मोठा करून मीच तुला फ्रेममध्ये दिला, आणि तू मला चांगला झालाय म्हणालीस. ताई, मला याची फार लाज वाटते. तो रोज तुझ्या घरात भिंतीवर आहे.

ता.क. चौथा, आणि यासाठीच खरं तर हे पत्र. अण्णांकडे जायचंय. एकट्याचं धाडस होत नाही, तू बरोबर असलीस तर होईल. रविवारी ये. दाजींना आणलंस तरी चालेल, तारा राहू दे म्हणावं. अण्णांना काय सांगायचं ते मी ठरवत होतो, पण सांगण्यासारखं नवीन काही नसेल असं वाटतं. फोटो ज्या पाकिटातून लॅबमधून आले, तेच पाकीट तुला पाठवतोय. बाबा त्यांच्याशी भांडून गेल्यावर दोन दिवसांनी मी ते घ्यायला गेलो होतो. अण्णांनी ते नुसतं हातात दिलं. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं बघ, अजून वाचता येतं: "सात चांगले आहेत. पुढच्या वेळी डावीकडची चकती फिरते का बघत जा."